चार मिनिटं बारा सेकंद

नवे स्पीकर घरी आल्यावर पहिल्यांदा काय वाजवायचं, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या घरात पाच मिनिटांत सुटतो. हाताला येईल ते लावायचं आणि चहाचा कप घेऊन बसायचं. पण कानसाहेबांचं घर शहाणं नव्हतं. म्हणजे घर शहाणं होतं, कानसाहेब नव्हते.

कानसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते इस्पितळात लोकांचे कान तपासायचे. बाहेरचा आवाज आत शिरणार नाही अशा कपाटाएवढ्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, स्वतः काचेबाहेर बसून यंत्राची बटणं फिरवायची आणि सांगायचं, "ऐकू आलं की बोट वर करा." या एका वाक्यावर त्यांनी तेवीस वर्षं संसार केला. लोकांना काय काय ऐकू येत नाही हे रोज पाहून पाहून, आपल्याला मात्र सगळं ऐकू येतं अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. (का, ते विचारू नका. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.)

तर कमरेएवढे उंच दोन स्पीकर हॉलमध्ये येऊन उभे राहिले. दुकानाची अट साधी होती: आठ दिवस ठेवा, नाही पटले तर परत. पहिले तीन दिवस कानसाहेबांनी ते चालूच केले नाहीत. यादी करत बसले.

"एखादं साधं गाणं लावा की," बायको म्हणाली.

"साध्या गाण्यावर स्पीकर कळत नाही. तपासणी म्हणजे तपासणी."

"लोक याहून कमी विचारात लग्नं करतात."

"आणि मग काय होतं ते दिसतंच आहे," कानसाहेब म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागला.

एक तबकडी बाद झाली, कारण गाणारी बाई मध्येच खोकली होती. दुसरीत खर्ज फार. तिसरी कानसाहेबांना इतकी आवडायची की आवडीमुळे तपासणीत पक्षपात होईल, म्हणून तीही बाद. चौथ्या दिवशी एका परदेशी वाद्यवृंदाची तबकडी सापडली. सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं की चार मिनिटं बारा सेकंदांनी ट्रँगल फक्त एकदा वाजतो, आणि स्पीकर चांगला असेल तर तो 'पाण्याचा थेंब काचेवर पडावा तसा' ऐकू येतो. ट्रँगल म्हणजे दोरीला टांगलेली तिकोनी वाकवलेली सळई. ती वाजवणारा माणूस तासभर सूटबूट घालून उभा राहतो, एकदा टिंग करतो आणि घरी जातो. कानसाहेबांना त्या माणसाबद्दल एकदम जिव्हाळाच वाटला.

तबकडी लागली. कानसाहेब घड्याळ हातात धरून बसले. चार मिनिटं दहा. अकरा. बारा. तेरा.

थेंब पडला नाही. सहा वेळा लावून पाहिलं, सहाही वेळा काच कोरडी. कानसाहेबांनी दुकानाला फोन करून लेखी तक्रार नोंदवायला लावली: वरचे सूर वाजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा फिटर आला. पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, घाई नसलेला माणूस. त्याने वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या आणि तबकडी ऐकली.

"वाजलं की, साहेब."

"काय वाजलं?"

"टिंग."

कानसाहेब मनात हसले. खोटं बोलणारा पेशंट पकडण्यात त्यांची हयात गेली होती. त्याची युक्ती सोपी असते: आवाज लावायचाच नाही, आणि बोट वर जातं का ते बघायचं. त्यांनी बायकोला बोलावलं. आप्पांनाही बोलावलं. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, वय त्र्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं, आणि तीही कानसाहेबांनीच बसवलेली. तिघांना भिंतीकडे तोंड करून ओळीने बसवलं.

"डोळे मिटा. टिंग ऐकू आलं की बोट वर करा. एकमेकांकडे बघायचं नाही."

"मीपण?" फिटरने विचारलं.

"तुम्ही तर आधी."

आधी त्यांनी ट्रँगल नसलेला भाग लावला. एकही बोट हललं नाही. मग खरा भाग लावला. चार मिनिटं बारा सेकंदांनी तीन बोटं एका दमात वर गेली. आप्पांचं तर सगळ्यांत उंच.

त्या क्षणी कानसाहेबांना काय ऐकू आलं म्हणाल, तर आप्पांच्या खुर्चीची करकर. वाद्यवृंद चालूच होता, पण त्यात टिंग कुठेच नव्हतं.

"छान आहे रे," आप्पा भिंतीकडे बघतच म्हणाले. "काचेवर थेंब पडल्यासारखं." आणि त्यांनी ती पुस्तिका वाचलेली नव्हती.

कानसाहेबांनी फिटरला सांगितलं, तरीही स्पीकर परत न्या, आठव्या दिवशी या. फिटरने चष्मा पुसला आणि बरं म्हणाला.

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर कानसाहेब स्वतः त्या कपाटात शिरले. पण स्वतःचा कान स्वतः तपासता येत नाही. बटण आपणच फिरवलं तर आवाज कधी येणार हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना काचेबाहेर बसवलं. मावशी हे काम इतकी वर्षं बघत होत्या की त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

खालचे आवाज झकास आले. मग बराच वेळ काहीच येईना. कानसाहेबांना घाम फुटला. इतक्या वेळात काहीतरी वाजलंच असणार, असा हिशेब करून त्यांनी हळूच बोट वर केलं.

हेडफोनमधून मावशींचा आवाज आला. "साहेब, बोट कशाला वर केलंत? मी काहीच लावलं नव्हतं."

मग जो आलेख निघाला, त्यात डावीकडून सरळ चालत आलेली रेघ जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. असे आलेख कानसाहेबांनी हजारो पाहिले होते. ते समोर ठेवून 'वयाने होतं हो' म्हणायला त्यांना दोन सेकंद लागायचे. त्या दिवशी ते स्वतःला म्हणायला तासभर लागला, आणि तरी पटलं नाही. फरशी वाळली, मावशी गेल्या, कानसाहेब कपाटातच बसून राहिले. आपल्याला नेमकं कोणत्या वर्षापासून ऐकू येईनासं झालं, आणि तेव्हापासून जगात काय काय वाजून गेलं, याची यादी करता येईना. कशी करणार?

उपाय एकच दिसत होता. स्पीकर जाऊ द्यायचे. स्पीकर खराब निघाले म्हणजे कान चांगले ठरले.

रविवारी, म्हणजे आठव्या दिवशी, सकाळी ते हॉलमध्ये आले तर आप्पा दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. डोळे मिटलेले, पायाचा अंगठा हलतोय. दहा वर्षांत आप्पांनी गाणं ऐकलं नव्हतं. सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं म्हणायचे.

"हे परत जाणार ना आज?" आप्पांनी डोळे न उघडता विचारलं. "मग दुपारपर्यंत बसतो इथेच."

कानसाहेबांनी स्टूल ओढलं. "आप्पा, स्पीकर चांगले आहेत. मलाच ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"हे यंत्र बसवलंस तेव्हापासून. कानात घालताच शिट्टी घालायला लागलं, आणि तू म्हणालास, बघा आप्पा, किती शांत चालतंय."

"दोन वर्षं शिट्टी वाजतेय?"

"आता कमी आहे. सूनबाईने कडेला कापूस लावून दिला."

दारातून बायको म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

कानसाहेबांना वाईट वाटलं. आयुष्यात वाटलं नव्हतं इतकं. पण आप्पांनी डाव्या कानातलं यंत्र काढून, धोतराला पुसून, त्यांच्या हातावर ठेवलं. "घाल. आणि लाव तुझी ती टिंग."

तबकडी फिरू लागली. कानसाहेबांनी डोळे मिटले. यंत्रातून वाद्यवृंद असा आला की जणू सगळे वादक भांडीवाल्याच्या दुकानात शिरलेत. आणि मग अचानक, स्वच्छ, लखलखीत, टिंग. कानसाहेबांचं बोट वर गेलं. डोळ्यांत पाणी आलं. बोट तसंच वर ठेवून ते म्हणाले, "आलं. ऐकू आलं."

"मलाही आलं," बायको म्हणाली. "दाराची घंटी आहे. ट्रँगलला अजून दोन मिनिटं आहेत."

दारात फिटर उभा होता. स्पीकर न्यायचे नाहीत हे कळल्यावर त्याला कसलंच नवल वाटलं नाही. पण तक्रार नोंदवलेली आहे, ती कागदावर मिटवायला हवी, म्हणाला. त्याने चष्मा चढवला, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि कानसाहेबांच्या कानाकडे, म्हणजे आप्पांच्या यंत्राकडे, क्षणभर पाहिलं. मग सावकाश अक्षर काढत तो मोठ्याने वाचत गेला, कारण मोठ्याने बोलायला हवं हे त्याच्या लक्षात आलं होतं:

"दोष सापडला. माल उत्तम. दोष असलेला भाग आमच्या दुकानात मिळत नाही. साहेब, इथे सही करा."