मशीन सरळ झालं, त्याची गोष्ट

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मिस्त्रींच्या लेकीला दिवस गेले आणि मिस्त्रींनी छातीठोकपणे जाहीर केलं, की नातवंडाचा पाळणा मी माझ्या हातानं आणि माझ्याच मशीनवर करणार. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "पाळणा खुशाल करा, पण त्या मशीनवर नको. नातवंडाला धरायला आजोबांची बोटं शिल्लक राहू द्या."

बाईंचं काही चुकत नव्हतं. ते विजेवरचं करवतीचं मशीन सुरू झालं, की आधी दमेकऱ्यासारखं खोकायचं, मग अंगात आल्यासारखं थरथरायचं. शेजारीण तेवढा वेळ फळीवरच्या कपबशा हातानं धरून उभी राहायची. फळी टेकवून सरळ ढकलण्यासाठी मशीनवर जी लोखंडी पट्टी असते, ती तर केव्हाच मोडून भंगारात गेली होती. मिस्त्री नुसत्या नजरेनं फळी ढकलायचे आणि कड अशी सरळ यायची, की गुण्या लावून तिचा काटकोन तपासणाऱ्यालाच लाज वाटावी.

घरात दोन पक्ष पडले. बाई म्हणायच्या, नवं आणा. बाईंचा भाऊ मोटरी दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, दुरुस्त करू. जगात फेकण्यासारखी वस्तूच नाही, असं त्याचं मत होतं आणि त्याच्या घराकडे बघून ते पटायचंही. मिस्त्री दोघांनाही हो म्हणायचे आणि जुन्यावरच काम करायचे.

शेवटी बाईंनी अबोला धरला. तो मिस्त्रींना मशीनच्या आवाजापेक्षा असह्य झाला आणि दुकानदाराकडून नवं मशीन वापरून बघायला घरी आलं. हिरवंगार, गुळगुळीत, आवाज मांजराच्या घुरघुरीइतका. मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते त्याची पट्टी काढून ठेवण्याचं. पट्टी लावून कापायला मी काय काल शिकायला लागलोय?

पाळण्याची पहिली फळी उजवीकडे तिरकी गेली. दुसरीही. मिस्त्रींनी निकाल दिला, मशीन सदोष आहे. दुकानदार धावत आला, त्यानं स्वतः एक फळी कापली, ती सुतासारखी सरळ! तेव्हा मिस्त्री म्हणाले, की विकणाऱ्याच्या हातात सगळंच सरळ चालतं. हिरवं मशीन आल्या पावली परत गेलं.

मेहुण्याची छाती फुगली. त्यानं जुन्या मशीनचा कणन्‌ कण खोलला. नवी बेअरिंग, नवा पट्टा, नवी पट्टी. वर्षानुवर्षं एका अंगाला खचलेले पायसुद्धा पाणसळ लावून समपातळीत आणले. मशीन आता थरथरेना की खोकेना. शेजारणीनं कपबशा सोडल्या. मिस्त्रींनी सवयीनं पट्टी बाजूला ठेवली, सगळ्या फळ्या एका दमात कापल्या आणि पाळणा उभा केला.

बाईंनी हौसेनं त्यात उशी ठेवून एक झोका दिला. उशी सरकत सरकत एका कोपऱ्यात गेली आणि तिथून खाली पडली.

मेहुण्याला हसू आवरेना. "भावोजी, बाळ पाळण्यातूनच रांगायला निघालं वाटतं."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कमरेचा टॉवेल सोडून खिळ्याला अडकवला. मग खाली बसून स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "मशीनमध्ये दोष नाही," ते म्हणाले. "नव्यावरही तेच, जुन्यावरही तेच. हात गेले माझे. पाळणा बाजारातून आणा."

एवढ्या वर्षांत नवऱ्याचा असा आवाज बाईंनी ऐकला नव्हता. मशीनवर ओरडण्यात जन्म गेला होता त्यांचा. आता ते गप्प उभं होतं आणि त्यांनाच गलबलून आलं. त्या उठून दारातल्या चपला नीट लावायला लागल्या. मिस्त्रींची उजवी चप्पल उचलली. बाहेरची कड पार झिजलेली. गेल्या वर्षीच्या चपलेचं तेच झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीच्याही. चपला शिवणारा नेहमी विचारायचा, तुमचे मालक लंगडतात का हो?

त्या चप्पल हातात घेऊनच आत आल्या. "उठा. अजून एक फळी कापा."

आजवर त्यांनी नवऱ्याची बोटं पाहिली होती, पातं पाहिलं होतं. नवरा कसा उभा राहतो, ते कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्री उभे होते वाऱ्यानं कलंडलेल्या खांबासारखे, सगळा भार उजवीकडे. जुनं मशीन डावीकडे खचलेलं, फळी डावीकडे ओढायचं आणि हे तिला अंगानं उजवीकडे रेटायचे. दोन वाकड्यांची मिळून एक सरळ कड निघत होती! मशीन सुधारलं, माणूस तसाच राहिला.

बाईंनी मागून त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि त्यांना डावीकडे ओढलं. "आता ढकला."

फळी सरळ आली. मिस्त्रींनी कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"पण रोज कोण धरणार?" ते हळूच म्हणाले.

"मी नाही. चुलीपाशी कोण उभं राहील मग?"

बाईंनी पट्टीच लावा म्हणून सुचवलं, तीही लावून झाली. पण मिस्त्रींचं अंग पट्टीशी भांडायचं आणि फळी मध्येच अडकायची. तेव्हा मेहुणा डोकं खाजवत म्हणाला, "ताई, या वयात भावोजींना सरळ करण्यापेक्षा मशीन वाकडं करणं सोपं आहे." आणि त्यानं उजव्या पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या. नवी बेअरिंग तशीच राहिली, जुना कल परत आला. बाईंना बोटं मिळाली, मिस्त्रींना हात मिळाले.

नवा पाळणा लेकीच्या मुलीनं वापरला, मग तिच्या भावानं. आता त्यात कांदे असतात. आपण दुरुस्त केलेलं यंत्र परत बिघडवून दाद मिळवणारा एकमेव कारागीर म्हणून मेहुणा म्हातारपणीही मिरवायचा. मिस्त्रींनी काम थांबवल्यावर मशीन एका तरुण सुतारानं नेलं. त्यानं पाचरी केरात टाकल्या आणि त्याचं उत्तम चाललं.

मिस्त्रींचा कल मात्र शेवटपर्यंत गेला नाही. संध्याकाळी दोघं फिरायला निघाली, की बाई त्यांचा दंड घट्ट धरून चालायच्या. गल्लीतल्या नव्या सुना कौतुकानं म्हणायच्या, या वयातही केवढं प्रेम!

"कसलं प्रेम?" बाई म्हणायच्या. "सोडलं तर उजवीकडच्या गटारात जातात."