ऊन आहे, उकाडा नाही

मे महिन्यात, भर दुपारी, बिनबाह्यांचा स्वेटर घालून भाजी आणायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. त्यांचं नाव वाघमारे. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत ते माझ्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या वर फक्त गच्ची आणि सूर्य.

बाकी सगळी विश्रांतवाडी डोक्याला रुमाल, तोंडाला स्कार्फ बांधून सावली शोधत पळत असते. वाघमारे मात्र तपकिरी स्वेटरमध्ये, हातात पिशवी घेऊन, गरजेपेक्षा जरा सावकाशच चालतात. कोणी भेटलं की थांबतात आणि म्हणतात, "हवा बघा काय सुंदर सुटलीये." समोरचा हवा शोधू लागला, की तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून घाम पुसतात.

त्यांचं ठाम मत आहे की पुण्याचा उन्हाळा जसा होता तसाच आहे. "पुण्यात ऊन असतं बाई, उकाडा नसतो," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. त्यातून मी विज्ञान शिकवते, म्हणून जिन्यात गाठ पडली की वाद ठरलेलाच.

तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात, आयटीत काम करणारी नेहा राहते. एकदा तिनं त्यांना फोनवर तापमान दाखवलं आणि म्हणाली, "अंकल, हे ग्लोबल वॉर्मिंग आहे." वाघमाऱ्यांनी चष्मा वर करून फोन पाहिला. पूर्वी थर्मामीटर वेधशाळेत असायचा, आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे, मोजणारे वाढले म्हणून ऊन वाढत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. मग त्यांचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. तिथे खरं तापमान एक आणि 'जाणवणारं' तापमान दुसरं दिलेलं होतं. हे कोणाला जाणवलं, असं त्यांनी विचारलं. "मला जाणवलेलं नाही, तुम्हाला विचारलेलं नाही. मग फोनला आपल्या वतीनं जाणवायचं कारण काय?" नेहा तेव्हापासून जिन्यात कानाला फोन लावूनच चढते.

माझ्याशी त्यांचा वाद जरा वरच्या पातळीवर चाले. मी झाडांचं सांगितलं, की रस्ता रुंद करताना वड गेले, जिथे शेतं होती तिथे सिमेंट आलं. ते त्यांना चटकन मान्य. "मग त्याला ग्लोबल कशाला म्हणता? ही आपली घरचीच करणी आहे." मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. साऱ्या पृथ्वीचीच हवा तापते आहे, यात आता वाद राहिलेला नाही, आणि त्यात आपण सिमेंटची भर घातली. खालून जाळही वाढवला आणि वर झाकणही ठेवलं, तर भात कशामुळे उतू गेला यावर भांडण्यात काय अर्थ आहे? यावर त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "भाताचं बरोबर आहे. पण पुण्याची हवा वेगळी."

मी शनिवार पेठेत वाढलेली आहे. तिथल्या माझ्या मावशीच्या मते विश्रांतवाडी मुळात पुण्यात नाहीच, त्यामुळे तिथल्या हवेला पुण्याची हवा म्हणणंच चूक. सांगायचं एवढंच की हट्टी माणसं मला नवी नाहीत. पण पेठेतला हट्ट समोरच्याला गप्प करण्यासाठी असतो आणि तो केला की माणूस खूश होतो. वाघमारे वाद जिंकले तरी खूश दिसत नसत. हे मला खटकायचं, पण मी त्याचा फार विचार केला नाही.

त्यांच्या पत्नी शीलाताई माहेरच्या नागपूरच्या. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली तरी राग आला की त्यांच्या तोंडी नागपूर येतं. त्या घरात वाद एकच, खिडक्यांचा. नागपूरची रीत अशी की सकाळी ऊन चढायच्या आत दारंखिडक्या बंद करायच्या, पडदे ओढायचे, घरात काळोख करून बसायचं आणि सूर्य बुडाला की सगळं उघडायचं. आम्हा पुणेकरांची रीत बरोबर उलटी. उकडलं की आम्ही खिडकी उघडतो. वारा येईल अशी आमची श्रद्धा असते. पूर्वी तो यायचाही. आता भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ येते, पण श्रद्धा कायम आहे.

तर शीलाताई सकाळी खिडक्या बंद करायच्या आणि वाघमारे दुपारी त्या सताड उघडायचे. खाली मला आधी हळू, मग जोरात आपटल्याचे आवाज येत. पाठोपाठ शीलाताईंचा आवाज यायचा, "काहून उघडून राहिले तुम्ही? आग आत घेऊन राहिले!" त्यावर वाघमाऱ्यांचं शांत उत्तर, "आग नाही, वारा आहे. पुण्याचा आहे."

शीलाताईच मला सांगायच्या की त्या नवीन आल्या तेव्हा खरंच एप्रिलमध्ये रात्री चादर लागायची. नागपूरला चिठ्ठी धाडली, की इथे उन्हाळ्यात पांघरूण घेतात, तर घरच्यांना ती थट्टा वाटली. "आता पंखाबी गरम हवा फेकून राहिला," त्या म्हणायच्या. नागपूरला घरोघरी कूलर असतो, खिडक्यांना पाणी मारायच्या वाळ्याच्या ताट्या असतात, उन्हाची सगळी तयारी असते. इथे तयारी नाही, कारण इथे उकाडा नसतोच असं ठरलेलं. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि दुपारी चारपर्यंत ते घर तव्यासारखं तापायचं.

त्यांची मुलगी संघमित्रा बंगळूरला असते. तिनं एकदा परस्पर एसीची मागणी नोंदवली. तो बसवायला आलेल्या माणसाला वाघमाऱ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला आणि लोक ज्या गावात हवापालटाला यायचे त्या गावात एसी लावणं शोभत नाही, असं सांगून परत पाठवलं. जिना चढउतर झाल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. संघमित्रा नंतर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत हा सगळा विनोदच होता. त्या दिवशी वाघमाऱ्यांकडून साऱ्या इमारतीला खीर असते. विहारातून वंदना करून आले की पार्किंगमध्ये टेबल लागतं, पांढऱ्या साडीतल्या शीलाताई स्वतः वाढतात आणि वाघमारे प्रत्येकाला आणखी एक वाटी घ्यायला लावतात. यंदा खीर करायला शीलाताई सकाळभर स्वयंपाकघरात उभ्या होत्या. खिडक्या अर्थातच उघड्या. खाली येऊन त्यांनी चारपाच जणांना वाढलं, मग पळी पातेल्यात ठेवली आणि काही न बोलता जमिनीवर बसल्या. बसल्या त्या तशाच कलंडल्या.

नेहानं गाडी काढली. मी पुढे बसले. मागे वाघमारे शीलाताईंचं डोकं मांडीवर घेऊन रुमालानं वारा घालत होते. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी उशीर झाला असता तर निभावलं नसतं. वाघमाऱ्यांनी विचारलं, "दगदगीनं झालं असेल ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही. ऊन लागलंय." वाघमाऱ्यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला तेव्हाच जरा धास्ती वाटली.

दुसऱ्याच दिवशी शीलाताईंना घरी सोडलं आणि संघमित्राही आली. तिनं माझ्यादेखतच सांगून टाकलं की आईला ती घेऊन जाणार, आणि उन्हाळ्यापुरतं नाही, कायमचं. बाबांना पुणं सोडवत नसेल तर त्यांनी खुशाल इथे हवा खात राहावं. शीलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते "बघू" म्हणाले आणि उठून आत गेले. मला त्यांचा राग आला. बायको मरता मरता वाचली, आणि याला अजून बघायचंय.

दोनेक दिवसांनी, दुपारी, गच्चीवर घातलेल्या माझ्या कुरडया काढायला मी वर गेले. दार ढकललं तर समोर वाघमारे. अंगात गंजीफ्रॉक, डोक्यावर ओला पंचा. कुठून तरी धान्याची रिकामी पोती आणून ते आपल्या झोपायच्या खोलीवरच्या स्लॅबवर अंथरत होते आणि बादलीनं त्यांच्यावर पाणी मारत होते. पाणी पडलं की पोत्यांतून वाफ निघे. मला पाहून ते थांबले, पण काही लपवलं नाही.

"तापलंय, बाई," ते म्हणाले. "पुणं तापलंय. मला कळत नाही असं समजू नका. केव्हाचं कळतंय."

मग का हो, असं मी विचारलं. माझा स्वर कडकच होता. त्यांनी बादली खाली ठेवली आणि टाकीला टेकून सांगू लागले. शीलाताईंना एक थोरली बहीण होती. नागपूरला, मे महिन्यात, दुपारची नळावर पाण्याला गेली, ती ऊन लागून परत आली आणि सकाळपर्यंत राहिली नाही. त्यानंतर शीलाताईंच्या वडिलांनी ही मुलगी त्या भागात द्यायची नाही असं ठरवलं. पुण्याचं स्थळ म्हणून वाघमारे बघायला गेले, तेव्हा त्यांची नोकरी कच्ची होती आणि राहायला येरवड्यात भावाकडची अर्धी खोली. सासऱ्यांनी विचारलं, तुझ्याकडे आहे काय?

"मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं काही नाही. पण पुण्याची हवा थंड आहे. तुमच्या या पोरीला ऊन लागणार नाही, ते माझ्याकडे लागलं." त्यांनी सरकलेला पंचा पुन्हा डोक्यावर ओढला. "नंतर नोकरी पक्की झाली, घर झालं, संघमित्रा शिकली. ते काय, सगळेच करतात. शब्द म्हणून दिला होता तो तेवढा एकच. आता हवाच बदलली तर मी काय करायचं, बाई?"

मला फार वाईट वाटलं, आणि दवाखान्यात डॉक्टरांना विचारताना त्यांचा चेहरा का उतरला होता ते आत्ता कळलं.

मागे दार वाजलं. शीलाताई जिना चढून आल्या होत्या. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली होती, तरी भिंतीला धरून उभ्या होत्या आणि त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं.

"हवेचं तुम्ही माझ्या बाबांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला काहून नाही विचारलं? मी काही हवेसाठी नव्हती आली. तुम्हाला पाहून आली."

वाघमारे बादली उचलायला वाकले.

"संघमित्राला दोन तिकिटं काढायला सांगितली मी. जिथं जायचं तिथं दोघं. चला आता खाली, पाय भाजून राहिले तुमचे."

वाघमाऱ्यांनी खाली पाहिलं. पायात चपला नव्हत्या. मघापासून ते त्या स्लॅबवर अनवाणी उभे होते.

"हो शीला," ते म्हणाले, "भाजताहेत."