हाताने बघणारे कोलते

फ्रीमाँटमध्ये आमच्या शेजारी राहणारे कोलते कुठलीही वस्तू हाताने बघतात. पहिल्यांदा ओळख करून घ्यायला आले, तेव्हा बायकोने "या, बसा" म्हणायच्या आत त्यांनी आमच्या हॉलची भिंत कुरवाळली आणि डोळे मिटून जाहीर केलं, "खडबडीत!"

"हो, इथे सगळीकडे असंच रफ टेक्श्चर असतं," मी म्हटलं.

"रफ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरू नका ना भाऊ! खडबडीत म्हणजे बोट वर-खाली होते. खरखरीत म्हणजे बोटाला ओरखडते. हात लावून पाहा ना!"

कोलते मूळचे नागपूरचे. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, एकटेच राहतात. इंडियन ग्रोसरीत कारल्यांपाशी इतके रेंगाळतात की मागच्या बायका कंटाळून भोपळा घेऊन जातात.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझी सहा वर्षांची मिताली त्यांच्या नादी लागली. मी मराठीत काहीही विचारलं की "आय डोन्ट नो, बाबा." आणि त्यांच्यासोबत मात्र झाडाचं खोड चाचपत, "काका, हे खडबडीत, पण इथे गुळगुळीत!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मुलगी माझी, पुण्याचा मी, आणि मराठी फुटते ती कोलत्यांपुढे!

एका शनिवारी संध्याकाळी मी तिला आणायला तावातावाने त्यांच्याकडे गेलो. स्पीकरवर फोन चालू होता. मिताली पाइनच्या झाडाचं लाकडी बोंड चाचपत फोनला सांगत होती, "आजी, हे खूप खडबडीत आहे."

"माझी आई," कोलते हळूच म्हणाले. "डोळे गेले तिचे. ग्रीन कार्ड अडकलं, जाता येत नाही. मग इथलं जे हाताला लागते, ते तिला सांगतो."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बारीक बोलतोस रे. गाल बसले का तुझे?"

कोलत्यांनी गालावर हात ठेवला. बोट खोल गेलं.

मीच फोनजवळ वाकलो. "आजी, मी शेजारचा. काळजी करू नका, कोलते आमच्याकडेच जेवतात."

मग त्यांना घरी आणण्यावाचून इलाज नव्हता. बायकोने एक पान वाढवलं. मिताली अर्थातच त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी जळलो. पण त्यांच्या पोळीवर तूप मीच वाढलं, नको नको म्हणेपर्यंत.