बिनडागाचं प्रमाणपत्र

फोटोकाकांना डाग सहन होत नसे. कुणाला पाल सहन होत नाही, कुणाला सासू सहन होत नाही, तसं काकांचं डागांच्या बाबतीत होतं. त्यांच्या स्टुडिओत माणूस मुरुमांसकट शिरायचा आणि फोटोत साबणाच्या जाहिरातीतून उतरल्यासारखा दिसायचा. तीळ, व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळ्यांवर काकांचा हात फिरायचा. पूर्वी बारीक ब्रशनं, आता संगणकावर. एका बाईंचा फोटो त्यांच्या सख्ख्या मुलीला ओळखू आला नाही, तेव्हा बाई इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी चारही बहिणींना घेऊन आल्या.

साथीच्या दिवसांत सरकारनं नवा नियम काढला. सोमवारपासून कुठल्याही बंद जागेत शिरायचं तर लस घेतल्याचं किंवा आजारातून बरं झाल्याचं प्रमाणपत्र दारावर दाखवायचं. नियमाला काकांची काही हरकत नव्हती. पण नेमक्या त्याच सोमवारी, सकाळी अकरा वाजता, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं नोंदणी कचेरीत लग्न होतं. होणारा जावई बोटीवर इंजिनिअर. बुधवारी बोट निघाली की आठ महिने परत येत नाही. म्हणजे लग्न सोमवारी झालं तर झालं.

काकांची इच्छा साधी होती. जन्मभर त्यांनी लोकांच्या मुलींच्या लग्नांचे फोटो काढले होते. आपल्या मुलीच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करायची आणि फोटोही आपणच काढायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

नवरामुलगा, मुलगी आणि मुलाचा मित्र, जो काकांबरोबर साक्षीदार होता, या तिघांची प्रमाणपत्रं त्यांच्या फोनमध्ये होती. थोरल्यांचे मात्र कागद होते, तेही खिशात कोंबून चुरगळलेले. असले कागद घेऊन व्याही आणि विहीणबाई कचेरीत जाणार, हे काकांच्या जिवाला लागलं. "छान छोटी कार्डं करून देतो," असं म्हणून त्यांनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि कामाला बसले.

संगणकावर पहिला कागद मोठा करून बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यात काळ्या ठिपक्यांचा नुसता बुजबुजाट झाला होता.

"बघ, बघ हे," त्यांनी काकूंना हाक मारली. "तीन कोपऱ्यांतले छोटे चौकोन कसे रेखीव आलेत. आणि मधे ही घाण! छापणाऱ्याच्या मशीनची शाई गळतेय."

"अहो, पण सगळ्यांच्याच कागदांवर आहे की ते."

"मग सगळे कागद एकाच मशीनवर छापलेत. सरकारी काम!"

काकूंच्या मनात शंका आली होती. पण संगणकासमोर बसलेल्या नवऱ्याशी वाद घालायचा नाही, हे त्या केव्हाच शिकल्या होत्या. काकांनी सुटे ठिपके वेचून वेचून काढले. तुटक रेघा जोडल्या. ओबडधोबड कडा सरळ केल्या. विहीणबाईंच्या चौकोनावर तर त्यांनी जीव ओतला आणि डावीकडची बाजू हुबेहूब उजवीकडे करून दिली. मग प्रत्येक कार्डाला सोनेरी कड लावली आणि जुने कागद फाडून टाकले, कारण घरात दोन-दोन कागद असले की गोंधळ होतो. मुलीला यातलं काहीच दाखवलं नाही. सोमवारी दारातच सगळ्यांना चकित करायचं होतं.

शेवटी काकूंनी हळूच एक पाकीट पुढे सरकवलं. "दादाचंही करा. मी त्याला लग्नाला बोलावलंय."

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. काकांचं आणि त्यांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. मेव्हण्यांच्या गालावर चण्याएवढा तीळ होता आणि नोकरीतून निवृत्त होताना काढलेल्या फोटोत काकांनी तो पुसून टाकला होता. मेव्हणे भडकले होते. "माझ्या आईच्या गालावर होता तो, तिथून माझ्याकडे आलाय. तुम्ही कोण पुसणारे?" काकाही इरेला पेटले होते. "फुकटात दहा वर्षं तरुण केलं, त्याचं काही नाही!" तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

पाकिटात चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं प्रमाणपत्र होतं आणि सोबत एक चिठ्ठी: 'कशालाही हात लावायचा नाही. आहे तसं छापा.'

"छापतो की!" काका म्हणाले. "ठिपक्यांसकट छापतो, चहासकट छापतो. दारातूनच हाकललं की कळेल." आणि खरोखरच त्यांनी ते कार्ड जसंच्या तसं छापून दिलं. सोनेरी कडसुद्धा लावली नाही.

सोमवारी नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर काकांनी कार्डं वाटली. विहीणबाई हरखून गेल्या. "अगंबाई, किती सुबक! लग्नाची पत्रिकाच वाटते." काकांची छाती फुगली. मुलगी, मुलगा आणि मित्र फोन दाखवून आत गेले. दारावर शिपाई हातात यंत्र घेऊन उभा होता. काकांनी ऐटीत आपलं कार्ड पुढे केलं.

यंत्र भसाड्या आवाजात ओरडलं आणि लाल दिवा लागला.

"पुन्हा धरा," शिपाई म्हणाला. काकांनी पुन्हा धरलं, पुन्हा तेच झालं. काकूंचं कार्ड धरलं, तेही लाल. शिपायानं यंत्र शर्टाला पुसलं, मग कार्ड डोळ्यांजवळ नेऊन निरखून बघितलं.

"काका, हे काय आहे?"

"प्रमाणपत्र. साफ केलंय."

"काय केलंय?"

"ठिपके होते हो त्याच्यावर. तुम्ही आधीचं बघितलं असतंत तर दचकला असतात."

शिपाई खरंच दचकला. "अहो, ते ठिपकेच तर यंत्र वाचतं! तुमचं नाव, लस, तारीख, सगळं त्या ठिपक्यांत असतं. तुम्ही सगळं पुसून ठेवलंत."

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी शर्टाची बाही वर केली. "हे बघा, इथं टोचलंय. गाठ आली होती."

"यंत्राला दंड वाचता येत नाही, काका."

"मला लस घेतल्यावर ताप आला होता," विहीणबाई पुढे सरसावल्या. "रात्रभर कण्हत होते मी. विचारा यांना."

"तापावर शिक्का नसतो, बाई. यंत्रानं हिरवा दाखवला तरच आत सोडायचं, असा नियम आहे."

आता व्याही घसा खाकरून पुढे झाले. "आमचं प्रकरण वेगळं आहे. आम्ही लसवाले नाही. आम्ही आजारी पडून बरे झालो आहोत. आमचं बरं झाल्याचं प्रमाणपत्र आहे." त्यांनी रुबाबात सोनेरी कार्ड धरलं. यंत्र आधीपेक्षा मोठ्यानं ओरडलं.

"यंत्राच्या हिशेबानं तुम्ही अजून बरे झालेला नाहीत," शिपाई म्हणाला.

ते ऐकून विहीणबाई नकळत नवऱ्यापासून दोन पावलं बाजूला झाल्या. व्याह्यांचा चेहरा पडला. "अगं, काल रात्री एका ताटात जेवलो आपण!" ते कळवळून म्हणाले.

आरडाओरडा ऐकून मुलगी दाराच्या काचेआड आली. काय झालं ते कळल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, जुने कागद कुठायत?"

"फाडले."

"चौघांचेही?"

"बारीक बारीक," काका खालमानेनं म्हणाले.

मुलीनं फोनवरून नवी प्रमाणपत्रं काढायचा प्रयत्न केला. पण नियमाचा पहिलाच दिवस. अख्खं गाव तेच करत होतं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. आतून नोंदणी अधिकारी बाई आल्या. त्यांच्या हातात घड्याळ होतं आणि चेहऱ्यावर सकाळपासूनची कटकट.

"अकराची जोडी तुम्हीच ना? दुसरा साक्षीदार कुठंय? साडेअकराला पुढचं लग्न आहे. साक्षीदार नसेल तर पुढची तारीख घ्या. महिनाभर जागा नाही."

"बाई, नवरामुलगा परवा बोटीवर चाललाय," काकू रडकुंडीला आल्या.

"मी काय करू? बोट मला थांबवता येत नाही आणि नियमही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं तोंड फिरवून ते पुसलं, आणि तेच काकांना जास्त लागलं. माणसांचे चेहरे गोरेगोमटे करता करता आपण आपल्याच मुलीच्या लग्नावर बोळा फिरवला, असं त्यांच्या मनात आलं आणि ते मटकन पायरीवर बसले.

तेवढ्यात यंत्रानं एक वेगळाच आवाज काढला, गोड आणि बारीक. सगळ्यांनी वळून बघितलं. हिरवा दिवा लागला होता आणि यंत्रासमोर गालावर चण्याएवढा तीळ मिरवत मेव्हणे उभे होते. हातात चहाचा डाग पडलेलं कार्ड होतं.

"या साहेब," शिपाई म्हणाला. सकाळपासून त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'या' निघालं होतं.

मेव्हण्यांनी पायरीवरच्या काकांकडे बघितलं. काका उठले.

"उशीर केलात," ते म्हणाले.

"आठ वर्षं," मेव्हणे म्हणाले.

"साक्षीदार हवाय. सही कराल?"

"तुमच्या जागेवर?"

"हो." काकांनी गळ्यातला कॅमेरा सावरला. "माझ्या जागेवर. चुकलं माझं. आजचंही आणि तेव्हाचंही."

मेव्हण्यांनी क्षणभर गालावरच्या तिळावरून बोट फिरवलं. मग हात पुढे केला. "कॅमेरा द्या इकडे, भाऊजी."

तो कॅमेरा काकांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. काकूंनाही त्यावरची धूळ पुसण्यापुरतीच परवानगी होती. काकांनी पट्टा गळ्यातून काढून मेव्हण्यांच्या गळ्यात घातला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," मेव्हणे म्हणाले.

"नुसतं बटण दाबा. बाकी मी नंतर..." काका थांबले. "बाकी काही नाही. बटण दाबा."

दार बंद झालं. काका, काकू, व्याही आणि विहीणबाई काचेला नाक लावून उभे राहिले. शिपायानं आधी त्यांना हटकलं, मग तोच म्हणाला, "काका, इकडं सरका, या बाजूनं नीट दिसतं." टेबलावर वाकून मुलीनं सही केली, मुलानं केली, मित्रानं केली. मेव्हण्यांनी चष्मा लावून एवढी सावकाश सही केली की बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. काकांना धड दिसतही नव्हतं. डोळे भरून आले होते आणि त्यांच्याच श्वासानं काच धुरकट होत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो संगणकावर उघडले. बटण दाबताना मेव्हण्यांचा हात प्रत्येक वेळी हलला होता. एकात नोंदणी अधिकारी बाईंचं नुसतं कोपर होतं, एकात छताचा पंखा. त्यातल्या त्यात बरा असा एकच निघाला. त्यात जावयाचा एक डोळा मिटला होता, मुलीचं नाक रडून लाल झालं होतं, पण ती हसत होती आणि कॅमेऱ्याकडे सोडून मान वळवून भलतीकडेच बघत होती.

"नाकाचं तेवढं करा काहीतरी," मागून काकू म्हणाल्या. "आणि तिच्या पलीकडे दाराच्या काचेवर तो पांढुरका डाग आहे ना, तोही काढा."

सवयीनं काकांचा हात पुढे गेला. त्यांनी डाग मोठा केला. आणखी मोठा केला. धुरकट काचेवर चपटं झालेलं एक नाक दिसलं, त्यावर ओले डोळे. मुलगी बघत होती ती त्याच्याकडेच.

काकांनी हात मागे घेतला. मग फोटो आहे तसा छापला आणि दर्शनी भिंतीवर, बिनडागाच्या सगळ्या चेहऱ्यांच्या मधोमध लावला.

येणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, तुमच्याच फोटोत त्या काचेवर डाग राहिलाय की."

"राहू दे," काका म्हणतात. "मुलीचा बाप आहे तो."