टाचेचा शिक्का

खाचर वाळलं असं तुम्ही लिहून दिलंत, साहेब. आता तोंड लपवू नका. कागद आमच्याकडे आहे.

जपानातल्या आरियाकेच्या खाडीकाठी आमच्या गावाची भातखाचरं आहेत, सगळी चिकणमातीची. कापणीआधी पाणी सोडून दिलं की माती वाळते, तडकते आणि कापणीयंत्राचं ओझं पेलते. यंत्र कधी घालायचं ते आजवर टाच सांगायची. खाचरात उभं राहून टाच दाबायची. रुतली तर थांबायचं. यंदा तुमच्या कचेरीनं खाचराखाचरात ओल मोजायच्या नळ्या रोवून भेगांचं गणित मांडलं. कुठलं खाचर कुठल्या दिवशी किती तडकणार, ते संगणक सांगणार! त्यावरून गावच्या एकुलत्या एक यंत्राच्या पाळ्या ठरल्या आणि पाळ्यांचा कागद घरोघर फिरला. आमच्याकडे असा कागद आला की घराचा शिक्का मारायचा नि शेजारी द्यायचा. वाचलाच पाहिजे असं काही नाही.

पहिली पाळी तोकिएकाकूंची, मंगळवारी. गुरुवारी वादळ येणार होतं.

सकाळीच काकूंनी टाच दाबली. दोन बोटं आत. यंत्र घेऊन आलेल्या गेन्साकूला त्या म्हणाल्या, "आज नको रे. वरून कडक कौल, खालून मऊ तोफू."

"काकू, कागदावर शिक्का तुमचाच ना?"

"सगळ्यांनी मारला म्हणून मारला मेला!"

"मग सगळ्यांसाठी बुडतो," म्हणत गेन्साकूनं यंत्र आत घातलं.

वीस पावलांवर ते पोटापर्यंत बसलं. ओढायला त्यानं भावाचा ट्रॅक्टर आणला. तोही शेजारी जाऊन बसला, सोबतीला.

तुमच्या कचेरीतून हिराइवासाहेब आले. रस्त्यावर उभं राहूनच त्यांनी फोन पाहिला. "खाचर तर कोरडं दाखवतंय."

"मग यंत्रच ओलं असेल," काकू म्हणाल्या. "ती ओल मोजायची नळी कुठं रोवलीत?"

साहेबांनी बोट दाखवलं. रस्त्यापासून हातभर, पाणी आत घ्यायच्या तोंडाशी, उंचावर. अख्ख्या खाचरात सगळ्यात आधी वाळते ती जागा.

"इथंच का?"

साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. बूट लख्ख होते.

"बरं, मधे नेऊन रोवतो," म्हणून ते उतरले. तिसऱ्या पावलाला उजवा बूट गेला.

"साहेब, हा बूट गणितात धरलाय का?" गेन्साकूनं विचारलं.

मग काकू विळा घेऊन वाकल्या. गेन्साकूही वाकला, दुसरं करणार काय? बुधवारी दिवस मावळला तेव्हा निम्मं कापून झालं होतं. उरलेलं वादळानं आडवं केलं. लोंब्यांना चिखलातच कोंब फुटले.

शनिवारी तुमचा नवा कागद फिरला. "अंदाज अचूक होता. खाचराची अवस्था मात्र अंदाजाला धरून नव्हती. पुढील वर्षी शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी. वाचल्याची खूण म्हणून शिक्का मारावा."

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा असा कागद वाचला. दोनदा वाचला. मग तो अंगणात ठेवून, शिक्क्याच्या चौकोनावर चिखलाची टाच दाबली आणि शेजारी दिला. आमच्यात पहिला करतो तेच पुढचे करतात. सव्वीस घरं फिरून तो तुमच्या टेबलावर आलाय. चौकोन पुरले नाहीत, म्हणून काही टाचा "अचूक"वर पडल्यात.

त्यातली पहिली टाच काकूंची. तिच्याकडे बघून सांगा, ती नळी कुणाच्या बुटांसाठी तिथं रोवली होती? उत्तर लेखी द्या. आणि द्यायला याल तेव्हा रस्त्यावरून नको, खाचरातून या.