एकमताने उजेड

संस्थेच्या कार्यालयात सहा वर्षं हंगामी असलेला कारकून एकमताने घरी बसला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आत्ता तो खुर्चीतच आहे आणि आज कायम होणार आहे! सकाळी बायकोला त्याने तसं छातीठोकपणे सांगितलंय. "नुसती औपचारिकता गं! विरोध करायची हौस कोणाला आहे?"

सगळं सुरू झालं एका छापील फॉर्मपासून. 'मी स्वतःला पर्यावरणप्रेमी मानतो' या ओळीपुढे अख्ख्या कार्यालयाने 'पूर्ण सहमत'वर खूण केली आणि सगळे चहाला गेले. हा मात्र स्वतःचीच खूण बघत बसला! एकदा मानलं म्हणजे तसं वागायला नको? त्या दिवसापासून तो लिफ्ट सोडून जिने चढू लागला, रजेचे अर्ज पाठकोऱ्या कागदावर लिहू लागला, आणि अध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागून त्याने सभागृहात आपोआप विझणारे दिवे बसवून घेतले. दोन मिनिटं कोणी हललं नाही की काळोख! सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं, हिरवळ.

सभेचं इतिवृत्त लिहायला हिरवळच बसला होता. विषय क्रमांक सात: त्याला कायम करणे. अध्यक्ष त्याचा अर्ज मनातल्या मनात वाचू लागले. सभासद सभासदांसारखे बसले, म्हणजे दगडासारखे.

"कोणाचा विरोध असेल तर हात वर करा," अध्यक्ष म्हणाले आणि दिवे गेले!

"अहो, हात हलवा कोणीतरी!" उपाध्यक्षबाई किंचाळल्या.

उजेड पडला तेव्हा अकरा सभासदांचे अकरा हात वर होते. बारावा, सगळ्यात उंच, हिरवळचा.

"साहेब, ते दिव्यासाठी होते!"

"दिवे कोणी बसवायला लावले?"

"मी."

"मग? परत मत घ्यायचं तर नवी सभा लावावी लागेल. ती तीन महिन्यांनी. तुझी मुदत आज संपतेय. लिही, एकमताने नामंजूर."

"साहेब, मला तर मताचा हक्कच नाही."

"म्हणून तर अकराच लिही."

बाकी कोणी हललं नाही. उजेड आला होता, आता हलायची गरज कोणाला?

"वाईट वाटून घेऊ नकोस हं," निघताना उपाध्यक्षबाई म्हणाल्या. "तुझ्यामुळे केवढी वीज वाचली!"

हिरवळने सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला, आणि मग दुसरा कागद घेतला:

'प्रति, मा. अध्यक्ष. आजच्या सभेत वर झालेले हात विरोधासाठी नसून उजेडासाठी होते, याबाबत सभागृहातील दिव्याची साक्ष नोंदवून घ्यावी, व ती पूर्ण होईपर्यंत अर्जदारास कामावर हजर समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'