पुढे पळणारी शववाहिका

शववाहिकेत शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट बसवू नये, हे कुणाला सांगायची वेळ येईल असं सावकाशला वाटलं नव्हतं. सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण इतकी वर्षं शववाहिका चालवताना त्याने माणसाच्या पावलापेक्षा जास्त वेग कधी घेतला नाही, म्हणून गावाने ते ठेवलं होतं. त्याला त्या नावाचा अभिमान होता.

घात केला मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. हात गुणी, पण डोकं कायम शर्यतीत. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवणारा दांडा. जुना झिजला, तसा दुसरा बाजारात मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने आपल्या मनाने भलताच बसवून टाकला.

"भाऊजी, आता बघा! चढावर गाडी नुसती उडेल."

"अरे शहाण्या, मागे झोपलेल्याला कसली घाई?"

गाडी उडत होती खरी. फक्त हळू चालत नव्हती. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन गदागदा हलायचं, दोन उचक्या द्यायचं आणि मरायचं. त्या गाडीत हा अधिकार इंजिनाला नव्हता. मेहुण्याने स्क्रू पिळून रनिंग, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, वाढवलं, तर क्लच सोडताच गाडी दावं तुटलेल्या वासरासारखी सुटू लागली. स्क्रू सैल केला की पुन्हा उचक्या. आगीतून फुफाट्यात, आणि फुफाट्यातून परत आगीत.

अशातच पोस्टमनकाका गेल्याचा निरोप आला. सावकाश त्यांच्या घरी गेला. काकू दाराशी काठी टेकून उभ्या होत्या. रडून झालं होतं.

"मी गाडीत बसणार नाही. गाडीला हात लावून चालत येणार."

"काकू, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, माझं मी बघते. अरे, या माणसाचा पाय टपाल वाटण्यात घडलेला. लग्न झाल्यापासून ते पुढे आणि मी मागे. एकदासुद्धा बरोबरीने चालले नाहीत. आता शेवटचं तरी बरोबर चालू दे. माझ्या पावलाने घेशील ना?"

 गावात दुसरी शववाहिका नव्हती. खरं सांगायला हवं होतं, पण त्या डोळ्यांकडे बघून सावकाशच्या तोंडून "घेतो, काकू" एवढंच निघालं.

अंत्ययात्रा निघाली. काकूंनी गाडीच्या मागच्या दारावर हात ठेवला. सावकाशने मनोभावे क्लच सोडला आणि गाडी काकूंच्या हाताखालून निसटली. वाण्याच्या दुकानापर्यंत ती एका दमात गेली. घाबरून त्याने पाय काढला, तर तिथेच उचक्या देऊन थंड झाली.  काकू काठी टेकत, धापा टाकत पोचल्या. त्या पोचल्या आणि नेमकं इंजिन सुरू झालं. गाडी पुन्हा पुढे. वळणावर पुन्हा बंद.

"अरे, काय चाललंय काय?" थोरला मुलगा खिडकीशी येऊन दातओठ खात म्हणाला. "आईने एवढं एकच मागितलं होतं!"

सावकाशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याचं नाव गेलं, ते एक वेळ चाललं असतं. पण म्हातारीची शेवटची इच्छा त्याच्या हातून मातीत चालली होती. प्रत्येक वळणावर हेच. गाडी पुढे पळायची, थांबायची, काकू येईपर्यंत स्टार्टरवर नुसती गुरगुरायची आणि त्या जवळ आल्या की पुन्हा निघायची.

स्मशानाच्या फाटकाशी तो खाली उतरला. मान वर होईना.

"काकू, मला माफ करा. शब्द पाळता आला नाही."

काकू पदराने डोळे पुसत होत्या. जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की त्या हसताहेत.

"अरे, अगदी तस्सेच आले रे! पुढे पळायचं, कोपऱ्यावर थांबायचं, करवादायचं आणि मी पोचले की निघायचं. बरोबरीने चालले असते ना, तर मला वाटलं असतं दुसऱ्याच कुणाला नेताहेत."

थोरल्याने तोंड फिरवलं. त्याचेही खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने डोक्यावर हात मारून घेतला. हाताच्या सवयीने व्हॉल्व्हची फट त्याने जुन्या शाफ्टच्या मापाची ठेवली होती. नव्याला ती जास्त लागत होती. माप बदललं, टायमिंग जुळवलं, आणि गाडी मांजरासारखी संथ घुरघुरू लागली. सावकाश ती तशीच काकूंच्या दारात घेऊन गेला. निदान दाखवावी, एवढंच मनात.

काकूंनी बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवला. सावकाशने क्लच सोडला. गाडी त्यांच्या पावलाने निघाली. त्या शेजारून चालत अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या. मध्ये एकदा दम घ्यायला थांबल्या, तर तीही थांबली, बंद न पडता.

"हं," काकू म्हणाल्या. "ही आता अशीच राहू दे. माझ्या वेळी हीच आण. मी कधी कुणाच्या पुढे पळाले नाही."

सावकाशने इंजिन बंद केलं.  मग धंद्यात कुणी कधी गिऱ्हाइकाला सांगत नसेल ते तो मनापासून बोलून गेला.

"सावकाश, काकू. अगदी सावकाश."